रशियाकडे एवढी मोठी फौज आहे, मग युक्रेनमध्ये दोन-तीन सैनिकांच्या तुकड्यांनी हल्ले का?

ड्रोनमुळे. मोठा ताफा जमवला की तो वरून लगेच दिसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या वुहलेदार शहरासमोर रशियाची चिलखती वाहनं रांगेने पुढे गेली आणि सुरुंगांत, तोफमाऱ्यात रांगेनेच जळाली. आता आघाडीलगतच्या कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात गाडी हलली तरी ड्रोन मागे लागतो. म्हणून दोघं-तिघं पायी, कधी मोटारसायकलवर, झाडांच्या आडोशाने पुढे सरकतात, तळघरात दडून बसतात आणि मागच्यांची वाट पाहतात. बरेच जण पोहोचतच नाहीत.

तरी हे जमतं, कारण युक्रेनकडे पायदळ कमी पडतंय. खंदकांची सलग ओळ उरलेली नाही. विखुरलेल्या ठाण्यांमधली मोकळी जागा ड्रोननी राखायची, आणि धुकं-पाऊस असला की तेही अवघड. ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्वेकडच्याच दोब्रोपिलिया शहराजवळ रशियन तुकड्या अशाच फटींतून काही दिवसांत दहाएक किलोमीटर आत घुसल्या (पुढे अझोव्ह वगैरे युक्रेनी तुकड्यांनी त्यांना रोखलं). एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनने सक्तीच्या भरतीचं किमान वय २७ वरून २५ केलं. त्याखाली जायला सरकार धजावलेलं नाही.

‘रशियाकडे माणसांची कमी नाही’ हे मात्र मला अर्धवट वाटतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ३ लाखांची सक्तीची भरती जाहीर होताच लाखो लोक देश सोडून गेले. तेव्हापासून भर आहे तो कैद्यांवर आणि मोठ्या रकमा देऊन केलेल्या करारांवर. नोकरीच्या आमिषाने नेलेले काही भारतीयही तिथे मारले गेले. युक्रेनने शिरकाव केलेल्या रशियाच्याच कुर्स्क प्रांतासाठी तर उत्तर कोरियाचे सैनिक आणावे लागले.