तुझा मसुदा वाचला

प्रिय,

व्यवसायाच्या परवान्याच्या अर्जासोबत द्यायच्या विनंतीपत्राचा तुझा मसुदा मिळाला. दोन पानं आहेत. त्यातलं दीड पान आजाराचं: केव्हा सुरू झाला, किती डॉक्टर झाले, हाताचा कंप कुठल्या औषधाने कमी झाला आणि कुठल्याने वाढला. विनंती शेवटच्या चार ओळींत, तीही 'शक्य असल्यास थोडी सवलत मिळावी, त्रासाबद्दल माफ करा' अशी. परवान्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी बावीस वर्षं गेली, त्यावरून सांगतो. हे पत्र वाचून आतला माणूस हळहळेल आणि फाइल बाजूला ठेवून देईल. आपण नक्की काय करायचं, हे त्याला त्यातून कळणारच नाही.

आधी 'सवलत' हा शब्द खोड. सवलत म्हणजे शुल्क कमी करा, अट सोडून द्या. तुला तर अट सोडून नकोच आहे. जागेचे कागद, आगीपासून बचावाची व्यवस्था, सगळं इतरांसारखंच तपासलं जाईल आणि जावं. तुला हवी आहे ती सोय, म्हणजे तीच अट वेगळ्या रीतीने पुरी करण्याची मुभा. अर्ज करणारी तूच आहेस याची खात्री पटणं ही कार्यालयाची गरज. दोन सह्या हुबेहूब जुळवणं ही त्या खात्रीची एक पद्धत, आणि तुझा हात थरथरतो म्हणून तुझ्यापुरती ती निकामी. ओळखपत्र आणि समक्ष ओळख यांनीही तीच खात्री पटते. अर्जातला एकेक रकाना घे आणि विचार: इथे त्यांना काय कळायला हवंय, आणि ते कळण्याचा दुसरा रस्ता कोणता? तुझ्या विनंतीतले मुद्दे यातूनच निघतील.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमात हेच आहे: त्या त्या माणसाच्या गरजेपुरते योग्य ते बदल करायचे, मात्र ते करणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये. आणि अशी वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव, असंही तिथेच म्हटलंय. भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्या याच वळणाची आहे. अमेरिकेत अपंग व्यक्तींसाठीच्या १९९०च्या कायद्याखालच्या नियमांत तर सरकारी परवान्यांचा वेगळा उल्लेख आहे: परवाने देण्याचं काम पात्र अपंग व्यक्तीशी भेदभाव होईल अशा तऱ्हेने चालवता येत नाही. (अपंग म्हणावं की दिव्यांग, या वादात मी पडत नाही. अर्जात तुझ्या इथल्या कायद्याचा शब्द वापर, म्हणजे वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.)

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे टोकनचा पुकारा तोंडी व्हायचा. काचेला मध्ये वाटीएवढं भोक, त्यातून मी नंबर ओरडायचो. तीनदा ओरडूनही कोणी आलं नाही की अर्जावर 'गैरहजर' असा शेरा. एका संध्याकाळी खिडकी बंद करताना पाहिलं तर समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसलेले, टोकन बोटांत घडी घालून घालून मऊ झालेलं. त्यांना ऐकू येत नव्हतं. सकाळपासून ते माझ्याकडेच बघत होते, आणि मी ओरडताना मान रजिस्टरात घातलेली. त्यांच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. शेरा माझ्याच अक्षरात होता आणि तो खोडण्याचा अधिकार मला नव्हता. पुढे त्यांना सगळं नव्याने करावं लागलं.

चूक त्यांची नव्हती. नंबर दिसेल अशी पाटी लावणं आमचं काम होतं. पण अर्जाच्या पहिल्या पानावर 'ऐकू येत नाही, हाताने खूण करावी' एवढी ओळ असती, तर मी मान वर केली असती. म्हणून तुझी मागणी पहिल्या पानावर दिसू दे, आणि ती तारखेच्या आधी पोचू दे. ऐन तपासणीच्या सकाळी सांगितलेली गोष्ट भल्या माणसालाही जमवता येत नाही.

मजकूर साधारण असा ठेव:

'हाताच्या कंपामुळे मला सलग हस्ताक्षरात लिहिता येत नाही व माझ्या सह्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून अर्ज टंकलिखित स्वीकारावा, सही जुळवण्याऐवजी ओळखपत्र व समक्ष ओळख ग्राह्य धरावी, आणि जागेच्या तपासणीची वेळ दोन दिवस आधी कळवावी.'

बस. आजाराचं नाव लिहायचं की नाही ते तू ठरव. दाखला मागितलाच तर काय करता येत नाही आणि त्यासाठी कोणती सोय लागते, एवढंच सांगणारं डॉक्टरांचं पत्र जोड. तपासण्यांची थप्पी जोडू नकोस. परवान्याची फाइल किती टेबलांवरून फिरते आणि जेवणाच्या सुट्टीत ती कोण कोण चाळतं, हे मी पाहिलेलं आहे.

अर्ज दिलास की पोच घे, आवक क्रमांक आणि तारखेसकट. खिडकीवर कोणी 'होऊन जाईल हो, काळजी नको' म्हणालं, तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र टाक: आज अमुक सोय देण्याचं आपण मान्य केलंत, त्याबद्दल आभार. आभाराचं पत्र फाइलला लागतं, आणि लागलं की तो पुरावा असतो.

नकार आला तर तो लेखी माग, कारणासह. 'नियमात बसत नाही' हे कारण नव्हे. भार खरोखर न पेलणारा आहे, किंवा मागितलेल्या बदलाने परवान्याचा मूळ हेतूच मोडतो, असं काही असेल तर ते त्यांनी मांडावं, मग दुसऱ्या सोयीवर बोलता येतं. सुरक्षिततेचं कारण पुढे केलं तर धोका नेमका कोणता ते विचार. 'अशा लोकांना जमत नाही' हा नुसता समज झाला. पुढे कुणाकडे जायचं ते आधीच शोधून ठेव. भारतात २०१६च्या कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. अमेरिकेत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या सरकारी संस्थेला या कामासाठी एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. आणि सोयीचा खर्च म्हणून तुझ्याकडून जादा शुल्क मागितलं तर देऊ नकोस. अमेरिकेतल्या नियमांत ते चालत नाही, ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यातही नाही.

परवाना हातात पडल्यावर त्याच्या मागच्या अटी वाच. मागचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही. 'परवानाधारकाने व्यवसायाच्या जागी स्वतः हजर राहावे' अशी अट पुष्कळ परवान्यांवर असते. तुझे उपचाराचे दिवस ठरलेले आहेत, त्या दिवशी तपासनीस आला तर? मदतनीस तुझ्या वतीने हजर राहू शकतो, हे आत्ताच लेखी मंजूर करून घे. दंडाची नोटीस आल्यावर मागितलेली सोय सबबीसारखी वाचली जाते, मग ती कितीही खरी असो.

नूतनीकरणाला हे सगळं पुन्हा करायचंय. तोवर टेबलावरचा माणूस बदललेला असेल, नव्याला तुझं काही ठाऊक नसणार. जुन्या मंजुरीची प्रत वरच लाव.

आता नवा मसुदा एका पानाचा कर आणि आधी मला पाठव. पहिल्या दीड पानातलं काही ठेवायचं असेल तर तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य ठेव, जिथे तू लिहिलंयस की टंकलेखन तुला कोणापेक्षाही भरभर येतं. 'माफ करा' काढून टाक.

तुझा,
खिडकीमागचा काका