गाळातून कळणारे समुद्राचे जुने तापमान

प्रश्न: तापमापकाचा शोध लागण्यापूर्वीचे समुद्रपृष्ठाचे तापमान शास्त्रज्ञ तळाच्या गाळावरून सांगतात. हे कसे शक्य होते आणि त्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर: पृष्ठभागाजवळ जगलेले सूक्ष्म जीव मृत्यूनंतर तळाशी बसतात आणि ज्या पाण्यात ते वाढले, त्याच्या तापमानाची खूण त्यांच्या अवशेषांच्या रासायनिक घडणीत उरते. खोल समुद्रात गाळ हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर साचतो. म्हणून नळी रोवून काढलेल्या दहा मीटरांच्या गाभ्यातही लाखो वर्षांची नोंद मिळू शकते.

फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या चुनखडीच्या कवचात, पाणी थंड असताना, ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे (ऑक्सिजनच्याच थोड्या जड अणूंचे) प्रमाण वाढते. याच आधारावर चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये हिमयुगांतील तापमानाचे आलेख मांडले. मात्र जमिनीवरचे हिमस्तर वाढतात तेव्हा हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो आणि उरलेल्या समुद्रजलात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. एमिलियानींनी तापमानाचा मानलेला बराचसा फरक या बर्फाचाच होता, हे निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवले. कवचातील एका आकड्यामागे दोन कारणे असू शकतात, ही जाणीव मला या शास्त्रातील सर्वांत मोलाची वाटते.

यावर उपाय म्हणून त्याच कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर मोजतात. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की ते सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे ऑक्सिजनच्या नोंदीतून तापमानाचा वाटा वजा करून बर्फाचा व क्षारतेचा वाटा वेगळा काढता येतो. अर्थात खोल पाण्यात कवच अंशतः विरघळले तर मॅग्नेशियम आधी निघून जाते आणि तापमान प्रत्यक्षाहून कमी भासते.

काही सूक्ष्म शैवाले अल्केनोन नावाचे टिकाऊ सेंद्रिय रेणू बनवतात. पाणी थंड असेल तर त्यांत तीन दुहेरी बंधांचे रेणू अधिक असतात, उबदार असेल तर दोन बंधांचे. या पद्धतीत साधारण १ ते दीड अंशाची अनिश्चितता राहते आणि २८-२९ अंशांच्या आसपास ती निरुपयोगी ठरते, कारण तेथे तीन बंधांचे रेणू जवळजवळ उरतच नाहीत.

तळावरचे कृमी गाळाचा वरचा काही सेंटिमीटरांचा थर सतत ढवळत असल्याने एखाद्या वर्षाची उष्णता बहुतेक गाभ्यांत वेगळी दिसत नाही. शतकांची किंवा सहस्रकांची सरासरी मात्र मिळते. त्या सरासरीवर, दोन स्वतंत्र पद्धती जुळत असतील तर, खुशाल विश्वास ठेवावा. त्या जुळत नसतील तर आधी ऋतू आणि खोली तपासावी: शैवाल एका ऋतूत बहरते, फोरॅमिनिफेराची एखादी जात दुसऱ्या ऋतूत आणि थोड्या अधिक खोलीवर वाढते, त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.