जांघेतली कळ : सोनोग्राफी नॉर्मल, तरी दुखतंच

प्रश्न : वय २३. भांडुपला राहतो, मस्जिद बंदरच्या गोदामात दिवसभर उभं राहून खोकी उचलतो. काही महिने डाव्या जांघेत आणि अंडकोषात दुखतं. संध्याकाळी जड वाटतं, आडवं झालं की बरं वाटतं. पण दोनदा रात्री अचानक इतकी कळ आली की उलटी झाली. अर्ध्या तासात आपोआप थांबली. दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी नॉर्मल, अँटिबायोटिकचा कोर्सही झाला. घरी बोलायची लाज वाटते.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी दिसतात. रात्रीची कळ आधी, कारण धोका तिच्यात आहे. काहींचं वृषण, म्हणजे अंडकोषातली गोळी, आतून नीट चिकटलेलं नसतं, ते स्वतःभोवती फिरतं. मग रक्तवाहिन्यांना पीळ पडतो, रक्त थांबतं, कळ येते, उलटी होते. पीळ सुटला की सगळं शांत. त्यानंतर केलेली सोनोग्राफी बहुधा नॉर्मलच येते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. पुढच्या वेळी पीळ सुटला नाही, तर वृषण वाचवायला साधारण ६ तास मिळतात.

म्हणून पुन्हा कळ आली तर वेदनाशामक घेऊन सकाळची ओपीडी गाठायची नाही. काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. तडक कॅज्युअल्टी गाठा. तुम्हाला शीव रुग्णालय सोयीचं, एरवी केईएम, नायर, कूपर आहेतच. केसपेपर काढतानाच सांगा, ‘अंडकोषात अचानक कळ आली, अमुक वाजता सुरू झाली, आधीही दोनदा आली होती.’ वेळ सांगायला विसरू नका.

पण तिसऱ्या कळीची वाट का बघायची? याच आठवड्यात युरोलॉजिस्टना भेटा. पिळाचीच खात्री वाटली तर ते छोट्या शस्त्रक्रियेने वृषण टाके घालून जागेवर बसवतात, तेही दोन्ही बाजूंचं, कारण दुसरंही बहुतेकदा तसंच सैल असतं.

संध्याकाळच्या जडपणामागे व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, असू शकतात. त्या बहुधा डावीकडेच होतात. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, उभं राहून, जोर लावायला सांगून केलं का, ते विचारा. नुसतं झोपवून केलं तर या शिरा नजरेतून सुटू शकतात. घट्ट आधार देणारी अंडरवेअर वापरा. वजन उचलता, तेव्हा हर्नियाही बघायला हवा : उभं राहून जांघेवर हात ठेवा आणि खोका. फुगवटा हाताला लागला तर सर्जनना दाखवा. तो कडक झाला, आत जाईना, तर तीही इमर्जन्सीच.

लघवी न तपासता पुन्हा अँटिबायोटिक घेऊ नका. जंतुसंसर्गाचं दुखणं सहसा एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं. सोबत ताप किंवा लघवीची जळजळ असू शकते. लैंगिक संबंध आला असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यावर औषध ठरतं.

घरी सगळं सांगितलं नाही तरी चालेल. पण रात्री-अपरात्री सोबत येईल अशा एकाला तरी आजच सांगून ठेवा.