न्येरेरे यांना थोर म्हणावे का?

प्रश्न : मागील अंकातील एका उत्तरात आपण टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना ‘थोर’ म्हटले. ज्यांनी शेतकऱ्यांना बळजबरीने घरांतून उठवले, विरोधकांना खटल्याविना डांबले, देश कंगाल करून सोडला आणि भारतीयांच्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यांना हा शब्द शोभतो का? भारताने त्यांना गांधी शांतता पुरस्कार द्यावा, याचेही मला आश्चर्य वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या आक्षेपांना आधार आहे आणि ते सौम्य करून सांगण्याचा माझा विचार नाही. तरीही मी तो शब्द मागे घेत नाही.

सर्वांत जड आक्षेप शेतकऱ्यांचा आहे. समाजवाद आणि स्वावलंबन हे देशाचे ध्येय ठरवणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर ‘उजामा’ या धोरणाने जोर धरला. या स्वाहिली शब्दाचा अर्थ कुटुंबभाव. आपल्याकडे ‘भाऊबंदकी’ नेमकी उलट अर्थाने रुळावी, याची इथे आठवण होते. विखुरलेल्या वस्त्यांतील लोकांनी आपखुशीने एकत्र यावे, म्हणजे शाळा, दवाखाना आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचवता येईल, ही मूळ कल्पना होती. परंतु १९७३ मध्ये ‘१९७६ अखेर सर्वांनी गावांत राहायला गेलेच पाहिजे’ असा हुकूम निघाला आणि आपखुशी संपली. लोकांना सामानसुमानासह ट्रकांत घालून नेण्यात आले आणि त्यांनी परत फिरू नये म्हणून काही ठिकाणी जुनी घरे जाळण्यात आली. दक्षिणेकडे म्ट्वारा भागात काजूचे मोठे उत्पन्न होते आणि त्यातला बराच कच्चा माल भारतात सोलण्यासाठी येई. नव्या गावांपासून बागा लांब पडल्या, झाडांखालचे रान वाढले, वेचणीला माणूस जाईना. पुढील काही वर्षांत हे उत्पादन कोसळले, त्याचे हे एकमेव नसले तरी एक मोठे कारण होते. कोकणात ज्याने काजूची बाग राखली आहे, त्याला हे नुकसान आकड्यांवाचून कळेल. दुष्काळ, तेलाची दरवाढ आणि १९७८-७९ चे युगांडाशी युद्ध यांनी अर्थव्यवस्था आणखी खचवली हे खरे. पण जाळलेल्या घरांचा दोष पावसावर टाकता येत नाही. १९६२ च्या स्थानबद्धता कायद्याचेही समर्थन मी करणार नाही.

मग उरते काय? १२० हून अधिक जमातींचा देश त्यांच्या हाती आला होता. त्यांनी कोणत्याही एका जमातीची भाषा वर न चढवता स्वाहिली ही सर्वांची भाषा केली, खेड्यापाड्यांत प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवले आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ व ‘ज्युलियस सीझर’ ही नाटके स्वतः स्वाहिलीत आणली. लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. ते मुळात शिक्षकच होते. शेजारच्या रवांडा-बुरुंडीत जमातीच्या नावावर कत्तली झाल्या. टांझानियाच्या मुख्य भूमीवर तसे घडले नाही, आणि याचे मोठे श्रेय मी त्यांना देतो. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेची स्थापना १९६२ मध्ये दार-एस-सलाममध्येच झाली आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांनाही याच गरीब देशाने आसरा दिला.

माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी आहे. अरुशा जाहीरनाम्याला दहा वर्षे झाली तेव्हा, सत्तेवर असतानाच, टांझानिया समाजवादीही झालेला नाही आणि स्वावलंबीही नाही, असे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये कोणीही पदच्युत केलेले नसताना ते राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले. एकपक्षीय राज्य त्यांनीच उभारले होते; त्याचा फेरविचार व्हावा, असे १९९० मध्ये जाहीरपणे सांगणारेही तेच होते. त्यांच्या पिढीतील किती राज्यकर्त्यांनी असे केले, हे आपण जरूर तपासून पाहावे.

आता भारतीयांच्या इमारतींविषयी. १९७१ च्या कायद्याने एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने घेतल्या. मालक बहुतांशी भारतीय वंशाचे असल्याने घाव त्यांच्यावर बसला, अनेक कुटुंबे आयुष्यभराची पुंजी गमावून देश सोडून गेली आणि त्यांचा राग रास्त होता. मात्र कायद्याने मालमत्ता पाहिली, वंश नव्हे. १९६१ मध्ये नागरिकत्व केवळ कृष्णवर्णीयांना द्यावे अशी मागणी विधिमंडळात झाली, तेव्हा न्येरेरे यांनी राजीनाम्याची तयारी दाखवून ती हाणून पाडली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाईंना हाकलले, तेव्हा हा वंशद्वेष आहे असे त्यांनी उघडपणे म्हटले. आणि इमारतींचा तो कायदा झाला, तेव्हा टांझानियाचे अर्थमंत्री अमीर जमाल हे स्वतः भारतीय वंशाचे होते.