हातात पैसा खेळायला लागलाय, आता पोरगं शाळेत बसेल का?

“मॅडम, एकदा हातात पैसा खेळायला लागला की पोरगं पुन्हा बाकावर बसत नाही हो.” नाशिकमध्ये हे मी वरचेवर ऐकते. पंचवटीतल्या एका आईचंही हेच म्हणणं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा नववीत. टोमॅटोच्या हंगामात मार्केट यार्डात क्रेट उचलायला जाऊ लागला. मुंबईच्या गाड्या भरून घरी यायला रात्र व्हायची. दिवाळीनंतर तर शाळा सुटलीच. वडिलांनी बदडूनही पाहिलं होतं.

“कायद्याचा धाक दाखवा ना,” आई म्हणाल्या. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, आणि याला पंधरावं सरलेलं.

मुलाशी बोलताना पैशाचा विषय लगेच संपला. किती क्रेट, काय भाव, कोणाकडे किती बाकी, सगळा हिशोब तोंडी आणि चोख. बीजगणिताचं पुस्तक पुढे सरकवलं तर मात्र तळहात पँटला पुसू लागला. “वह्या कोऱ्या आहेत. सर उभं करतात. सगळे बघतात.” सुरुवातीचे दिवस झोपेपायी बुडाले होते, पुढचे लाजेपायी. झोपेवर इलाज सोपा होता. यार्ड फक्त शनिवारी, एवढं घरच्यांनी मान्य केलं. काम साफ बंद करा असं मी म्हटलं नाही, घराला त्या पैशांची गरज होती.

लाजेसाठी मी जवळच्या कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांना गाठलं. ही योजना १९६९ पासूनची. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले बरेच तास रॅलीत आणि घाटावरच्या स्वच्छतेत जातात (फोटोही बरे येतात). दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचे तास सरांनी या कामाला दिले.

त्याला मी आधी काय करायचं नाही ते सांगितलं. ‘शिकलास तर मोठा होशील’ हे भाषण नको, खिशातून पैसे नकोत, लगेच शिकवणीही नको. सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, फाटकापर्यंत गप्पा मारत जायचं. दांडी पडली तर त्याच संध्याकाळी घरी डोकवायचं, जाब न विचारता. कोऱ्या वह्या थोड्या थोड्या करून सोबत भरायच्या. वर्गशिक्षिकांनीही सहकारी शिक्षकांशी बोलून महिनाभर त्याला फळ्यापाशी बोलवायचं नाही असं ठरवलं. मला विचाराल तर निम्मं काम तिथेच झालं.

आणखी एक गोष्ट त्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगायला लावली: “मी मार्चपर्यंत आहे, मध्ये माझी परीक्षा असेल तेव्हा येणार नाही.” अशा मुलांना न सांगता गायब होणारी माणसं बरीच भेटलेली असतात, त्यात आणखी एका दादाची भर कशाला?

गाडी लगेच रुळावर आली नाही. पेपरांच्या भीतीनं पोरगं पुन्हा यार्डात दिसलं. दादा तिथे गेला, गाडी भरून होईपर्यंत थांबला, मग दोघं वडापाव खाऊन घरी आले. दोन दिवसांनी तो शाळेत हजर. गणितात कसाबसा निघाला, पण नववी पास झाला.

परवा आई आल्या होत्या. आता दहावीत नापास झाला तर, ही नवी काळजी. पुरवणी परीक्षा असते, शाळा सुटलेल्यांसाठी बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्मही असतो, हे त्यांना सांगितलं. त्याच्यासमोर मात्र आत्ताच यातलं काही काढू नका म्हटलं.