होम्स परत वाचताना

पहिल्यांदाच शेरलॉक होम्स, म्हणजे आर्थर कॉनन डॉइलचा तो गुप्तहेर, हातात घेतोयस ना? मग ४ कादंबऱ्या तूर्तास राहू देत, ५६ कथांपासून सुरुवात कर. आणि वाचून झालं की पुस्तक रद्दीत घालू नकोस. पाच-सात वर्षांनी परत काढ. गुन्हेगार कोण ते ठाऊक असतं, त्यामुळे घाई नसते. एका कथेत रात्री कुत्रा भुंकत नाही, हाच उकलीचा धागा असतो; पहिल्या वाचनात मी तो चक्क ओलांडून पुढे गेलो होतो! होम्सचा मित्र आणि गोष्टी सांगणारा डॉ. वॉटसन, त्याची जखम तर बघच: १८८७च्या कादंबरीत खांद्याला, १८९०च्या कादंबरीत पायाला. लेखकाचीच गफलत, पण माझी लाडकी. माझ्या प्रतीत अजून एसटीचं पिवळं पडलेलं तिकीट आहे, नेमकं होम्स आपल्या कट्टर शत्रूला भिडतो त्या धबधब्याच्या प्रसंगाशी. तिथवर पोचशील तेव्हा पुढचा खंड उशाशी असू दे.