बोडीची पाळ पाझरते, प्लॅस्टिक अंथरू का?

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात अर्ध्या एकराची बोडी (पावसाचे पाणी अडवणारे छोटे शेततळे) आहे. मागच्या उन्हाळ्यात जेसीबीने पाळ वाढवली, आता पायथ्याशी पाणी पाझरते. दुकानदार प्लॅस्टिक अंथरायला सांगतो. मासे सोडायचे आहेत, पाखरेही यावीत. पाळीवर झाडे लावू का?

उत्तर : प्लॅस्टिक नको. मृगळ मासा तळाच्या गाळावर जगतो, पाखरे काठच्या चिखलात चरतात. प्लॅस्टिकवर दोघांनाही काही नाही.

आधी पाझर बाटलीत धरून बघा. पाणी नितळ आणि धार तेवढीच राहत असेल तर घाबरू नका. गढूळ असेल तर आतून माती वाहून चालली आहे. तातडीने पाणी उतरवा. बाहेरून चिकणमातीचा लेप देऊन ते तोंड बुजवू नका. पाणी दुसरीकडून फुटते. त्या जागी आधी वाळू, वर बारीक गिट्टी, मग दगड रचा. पाणी येऊ द्या, माती अडवा.

चूक कुठे झाली ते अंदाजाने सांगतो, कारण दर उन्हाळ्यात हेच बघतो. जुन्या पाळीवरचे गवत न खरवडता सुकी माती नुसती ओतली. जुन्या-नव्याचा सांधा बसलाच नाही. एप्रिल-मेमध्ये ती भर काढा, जुनी पाळ पायऱ्यांसारखी कापा, अर्ध्या फुटाचे थर ओलवून रोलरने दाबा. निव्वळ काळी माती वापरू नका, उन्हात भेगाळते.

पाळीवर झाड नको, बाभूळही नको. मूळ कुजले की पाण्याला आयती वाट. हरळी लावा, माझे ऐकाल तर खर्च तिच्यावरच करा. झाडे पाळीपासून 20-25 फूट लांब. पाखरांसाठी वरच्या काठाला फूट-दीड फूट पाण्याचा उथळ पट्टा ठेवा.

सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) पाळीच्या टोकाला, न खोदलेल्या घट्ट जमिनीत, माथ्यापेक्षा निदान तीन फूट खाली हवा. मासे वाहून जातील म्हणून दुकानदार बारीक जाळी गळ्यात मारतात. लावू नका! काडीकचरा अडतो, पाणी पाळीवरून जाते आणि एका रात्रीत बोडी रिकामी होते.

मत्स्यबीज पावसाची झड ओसरून सांडवा वाहायचा थांबल्यावरच सोडा. कटला, रोहू, मृगळ मिळून हजार-बाराशे बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) पुरे. दहा हजार जिरे (अगदी बारीक पिल्ले) सांगणारा स्वतःचा माल खपवतो. थाई मांगूर माशावर बंदी आहे, फुकट दिला तरी घेऊ नका. चुना 50 किलोच्या वर नको. पहाटे मासे वर येऊन तोंड मारू लागले तर शेण-खाद्य त्याच दिवशी बंद.

अनुदान : प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. सध्या अर्ज घेतात का, ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. काम सुरू करण्याआधी विचारा, नंतर नव्हे.